मुंबई ते मडगाव: गाण्यांच्या मागावर नऊ दिवस

अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी, गीतरामायण, शंकर-जयकिशनचा भरगच्च ऑर्केस्ट्रा, जयपूर घराण्याचा ख्याल आणि गोव्यातली कोकणी मांडो गाणी हे सगळं एकाच यादीत ठेवणाऱ्याला लोक हमखास विचारतात, ‘तुला नक्की आवडतं तरी काय?’ नकाशा उघडला की उत्तर सापडतं. मुंबई, पुणे, मिरज, कोल्हापूर, फोंडा, मडगाव अशी एक वाकडीतिकडी रेघ ओढायची. वरची सगळी गाणी त्याच रेघेवर बसतात, आणि आठ-नऊ दिवसांत ती रेघ निवांत फिरून होते.

निघण्याआधी घरी बसून एक काम करायचं. आवडीच्या गाण्यांची यादी करायची आणि प्रत्येकासमोर ते पहिल्यांदा कशावर ऐकलं ते लिहायचं: रेडिओ, रेकॉर्ड, कॅसेट, थिएटर की लग्नातला बँड. हे लिहायचं कारण असं, की आठवण चिकटते ती एका ठरावीक ध्वनिमुद्रणाला. त्याची खरखर, त्याचा वेग, त्यात नसलेलं कडवं, सगळं त्या आठवणीत असतं. मोबाईलवर तेच गाणं स्वच्छ ऐकू येतं आणि तरी ‘हे ते नव्हे’ असं वाटतं, त्याचा उगम बहुतेक वेळा इथे असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही विचारून घ्यावं. त्यांना गाण्याचं नाव आठवत नाही, पण रेकॉर्डवरचं लेबल लाल होतं की काळं ते बरोबर आठवतं.

सामान थोडंच: बारीक टॉर्च, भिंग, मऊ ब्रश, रेकॉर्डीचे प्लॅस्टिकचे आतले लिफाफे, 12 इंची चौकोनी पुठ्ठ्याचे चार तुकडे, पेन्सिल सेलवर चालणारा छोटा कॅसेट प्लेअर, वायरचे इअरफोन आणि मोबाईलमध्ये सूर दाखवणारं एखादं ट्यूनर अ‍ॅप.

शनिवार, मुंबई

ग्रँट रोडला उतरून चोरबाजारातली मटन स्ट्रीट गाठायची. शुक्रवारी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवार. रेकॉर्डी बघायला सकाळचा उजेड बरा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली चरे दिसत नाहीत.

तबकडी हातात घेतली की आधी ती कसली आहे ते ओळखायचं. जाड, जड, पडली तर फुटणारी ती लाखेची, मिनिटाला 78 फेऱ्यांची. 10 इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं मावतात, 12 इंचीवर चार-साडेचार. पातळ आणि लवचिक ती विनाइलची: 33⅓ फेऱ्यांची मोठी एलपी किंवा 45 फेऱ्यांची 7 इंची. त्या सव्वातीन मिनिटांच्या मर्यादेमुळे कित्येक हिंदी गाण्यांचं एखादं कडवं सिनेमात आहे आणि रेकॉर्डवर नाही. रेडिओ रेकॉर्डच वाजवायचा. त्यामुळे ज्याने गाणं रेडिओवर पाठ केलं, त्याला सिनेमात जास्तीचं कडवं ऐकून दचकायला होतं.

तपासायची पद्धत अशी. तबकडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून फिरवायची. कड लाटेसारखी वरखाली झाली तर ती वाकलेली आहे. मग टॉर्चचा उजेड तिरका टाकायचा. केसासारखे चरे चालतात, नखाला अडकेल असा चरा चालत नाही, तिथे सुई उडी मारणार. शेवटची खूण महत्त्वाची: 78 ची तबकडी काळीभोर न दिसता राखाडी दिसत असेल तर ती पोलादी सुयांनी झिजली आहे. ग्रामोफोनची पोलादी सुई एका बाजूपुरती असायची, पण काटकसरीच्या घरांत तीच महिनाभर चाले आणि खाचा खरवडून काढी. अशी तबकडी धुऊन पुसून काही होत नाही. मोठा आवाज आला की ती फाटतेच.

धुण्यातच सर्वांत मोठा घोळ होतो. एलपीवर चालणारं स्पिरिटमिश्रित द्रावण लाखेच्या तबकडीवर लावलं की लाख विरघळते आणि खाचा गेल्या. तिथे शुद्ध पाणी, भांड्याच्या सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने, लेबल कोरडं, आणि सावलीत उभं ठेवून वाळवणं, बस्स. सुईही वेगळी लागते. 78 च्या खाचा रुंद, त्यांना 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई हवी. एलपीची 0.7 मिलची सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. विक्रेता ‘वाजवून दाखवतो’ म्हणाला तर आधी सुई बघावी, मग तबकडीला नावं ठेवावीत.

अगदी जुन्या तबकड्यांच्या शेवटी कलावंत स्वतःचं नाव सांगताना ऐकू येतो. ही ऐट नव्हती. 1902 साली कोलकात्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, आणि तिथल्या कामगारांना लेबल कुठलं लावायचं ते कळावं म्हणून ही घोषणा. कोलकात्यातला सियालदहचा कारखाना 1908 चा, त्यानंतर ती गरज उरली नाही.

संध्याकाळी 5.10 ची डेक्कन क्वीन. रेकॉर्डी पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून उभ्याच ठेवायच्या. आडव्या रचल्या की खालची वाकते, आणि खिडकीच्या उन्हात एलपी अर्ध्या तासात बशी होते.

रविवार, पुणे

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. इथे रेकॉर्डी नशिबावर, पण कॅसेटींचे ढीग असतात. कॅसेट घेताना चार गोष्टी: फिती दाबणारी फेल्टची छोटी गादी जागेवर आहे का (नसेल तर आवाज दबका आणि डोलता येतो), फितीवर पांढरी बुरशी आहे का, दोन्ही चाकं पेन्सिलीने सैल फिरतात का, आणि वेष्टनावरची बारीक अक्षरं. ही बारीक अक्षरं फार कामाची. ऐंशी-नव्वदच्या दशकांत जुन्या गाण्यांच्या ‘व्हर्जन’ कॅसेटींचं पेव फुटलं होतं: गाणं जुनं, आवाज नवा. त्या काळात मोठ्या झालेल्या पुष्कळांची आठवण अशा नव्या आवाजाला चिकटलेली आहे आणि त्यांना ते माहीतही नसतं. मूळ गाणं ऐकून ते हिरमुसतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही, त्यांनी व्हर्जन कॅसेट शोधावी.

बुरशीची कॅसेट प्लेअरमध्ये घालायची नाही. ती बुरशी फीत वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. चांगली कॅसेट मात्र तिथेच लावून बघावी. आवाज सरसकट दबका असेल तर दोष बहुधा हेडच्या कोनाचा असतो: हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू पाव-पाव फिरवत गेलं की एका जागी झांजा आणि ‘स’ एकदम उजळतात. तिथे थांबायचं. सूर उतरलेला वाटला तर प्लेअरमधला रबरी पट्टा सैल झालेला असतो. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर, तो तीन टक्के जरी कमी झाला तरी गाणं पेटीच्या जवळजवळ अर्ध्या पट्टीने खाली येतं. घरच्या सैल पट्ट्याच्या टेपवर वर्षानुवर्षं ऐकलेलं गाणं इतरत्र ‘चढं’ वाटतं ते यामुळे.

दुपारी शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिवे, अडकित्ते, मस्तानी महाल सगळं आहेच, पण वाद्यांच्या दालनाला वेळ राखून ठेवावा.

पुण्यात आल्यावर गीतरामायणाचा गुंता सोडवायचा. 1955 च्या रामनवमीला आकाशवाणी पुणे केंद्रावरून ते सुरू झालं, वर्षभर चाललं, एकूण 56 गीतं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. पण रेडिओवर ती वेगवेगळ्या गायकांनी गायली होती: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर आणि इतर. नंतर रेकॉर्डींवर आणि कार्यक्रमांत ती सगळी बाबूजींच्या, म्हणजे फडक्यांच्या, एकट्याच्या आवाजात पोचली. म्हणून एकाच घरात आजीचं गीतरामायण आणि नातवाचं गीतरामायण वेगळं असतं. शोधताना ‘आकाशवाणीचं मूळ’ की ‘फडक्यांच्या आवाजातलं’ हे स्पष्ट सांगितलं नाही, तर दुसरंच हातात पडतं.

डिसेंबरात जाणाऱ्यांनी तारखा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाशी जुळवाव्यात. भीमसेन जोशींनी तो गुरूंच्या स्मरणार्थ 1953 मध्ये सुरू केला. आता तो मुकुंदनगरला होतो. भारतीय बैठकीचं तिकीट काढायचं तर पाठीला टेकण घेऊन जावं.

सोमवार आणि मंगळवार, मिरज

पुण्याहून रेल्वेने मिरज पाच-सहा तास. इथे दोन दिवस हवेतच. एका दिवसात तंबोरा ‘बघून’ होतो, ऐकून होत नाही.

इथले सतारमेकर मुळात शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून हे घराणं वाद्यांकडे वळलं, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. तो कडू भोपळा, खायचा नव्हे. तो वाळवतात, मग भिजवून कापतात आणि आकार धरावा म्हणून आतून काठ्यांचा ताण देऊन पुन्हा सुकवतात. दांडी आणि तबली (भोपळ्यावरचं झाकण) तुणीच्या लाकडाची. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचं पॉलिश, कापडाच्या बोळ्याने, हातावर हात चढवत. शनिवारी ज्या लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका म्हटलं, तीच ही लाख. एकाच किड्याच्या राळेवर तंबोरा चमकतो आणि तबकडी गाते.

तंबोरा मागताना पहिला प्रश्न येतो, ‘पट्टी कुठली?’, म्हणजे गाणाऱ्याचा ‘सा’ पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर. याचं उत्तर नसेल तर कारागीर चहा पाजतो, वाद्य दाखवत नाही. पुरुषांचा आवाज साधारण पांढरी एक ते काळी दोनमध्ये, बायकांचा काळी तीन ते काळी पाचमध्ये. पट्टीवर तारेची जाडी आणि दांडीची लांबी ठरते. काळी चारचा छोटा तंबोरा काळी एकला उतरवला तर तारा लोंबतात आणि भोपळा बोलतच नाही.

आता ऐकायचं कसं. चार तारा: पहिली पंचमाची (‘प’), मधल्या दोन जोडीच्या (‘सा’), शेवटची खर्जाची (खालचा ‘सा’). पहिल्या तीन सहसा पोलादी, खर्ज पितळेचा. मोठ्या तंबोऱ्यात पंचमही पितळी किंवा काशाचा घालतात. आधी खुंट्यांनी लावायचं, मग घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात तिच्या) खालचे मणके सरकवून बारीक सूर. त्यानंतर जवारी. घोडीचा पृष्ठभाग सपाट दिसतो पण त्याला अगदी किंचित उतार दिलेला असतो, तार त्याला चाटत कंप पावते आणि त्यातून तो गुंजारव निघतो. तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा एक धागा असतो. तो नखाने केसभर पुढेमागे सरकवला की कोरडी टणटण करणारी तार एका जागी फुलते. या एका क्षणासाठी मिरजेला यावं. जरा पुढे गेलं की फुललेलं पुन्हा मिटतं. चांगल्या जवारीच्या खर्जात लक्ष देऊन ऐकलं तर कुणी न छेडलेला गंधार (‘ग’) ऐकू येतो. चारही तारा अशा बोलत असतील तरच पुढची बोलणी.

बिघडतं ते असं: रोजच्या वाजवण्याने तार घोडीत खाच पाडते, मग जवारी बसते आणि आवाज बोथट होतो. घोडी पुन्हा घासावी लागते, आणि ती घरी कानशीने घासायचा मोह टाळावा. एक फटका जास्त बसला की घोडीच बदलावी लागते. खुंट्या पावसाळ्यात फुगून अडकतात, उन्हाळ्यात निसटतात. निसटणाऱ्या खुंटीला खडू लावतात.

नेताना तारा दोन-तीन सूर उतरवून, घोडीखाली मऊ कापड, आणि फायबरची पेटी. रेल्वेत वरच्या बर्थवर, भोपळा भिंतीकडे. भोपळ्याला गेलेली चीर सांधता येते, पण सांधा कधीतरी खर्जाबरोबर खुळखुळतो.

मंगळवारी संध्याकाळी ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात. अब्दुल करीम खाँ 1937 साली दक्षिणेत प्रवासात असताना सिंगपेरुमाळकोईलच्या रेल्वे फलाटावर गेले आणि त्यांचं दफन इथे झालं. उरुसात इथे गाणं होतं, बिदागीची अपेक्षा न ठेवता मोठमोठे कलावंत हजेरी लावतात. खाँसाहेबांच्या ‘पिया बिन नाही आवत चैन’ या ठुमरीची तबकडी गदगला एका दुकानात लागलेली ऐकून लहानगे भीमसेन जोशी गाण्याच्या मागे घर सोडून निघाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. सव्वातीन मिनिटांची बाजू होती ती. मोबाईलमध्ये ती असेल तर इथे इअरफोन लावून ऐकावी आणि ट्यूनर समोर धरावा. वेगवेगळ्या प्रतींमध्ये तिची पट्टी वेगवेगळी मिळते. 78 ऐवजी तबकडी साडेचार फेऱ्या कमी फिरली की सूर अख्खी एक पट्टी उतरतो, काळी चारचा पांढरी पाच होतो. त्या काळी ध्वनिमुद्रणाचा वेगही काटेकोर 78 नसे. कुठली प्रत ‘खरी’ यावर दर्दी लोक तासन्‌तास भांडतात आणि ते भांडण सुटणारं नाही.

बुधवार, कोल्हापूर

मिरजेहून तासा-दीड तासावर. 1883 सालचा देवल क्लब (गाण्या-वाजवण्याची संस्था), शाहू महाराजांच्या आश्रयाला आलेल्या जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांची स्मृती, आणि केशवराव भोसले नाट्यगृह, जे ऑगस्ट 2024 मध्ये आगीत होरपळलं. जाण्याआधी तिथलं काम कुठवर आलंय याची चौकशी करून जावं. सुधीर फडके जन्मले ते याच गावात, 1919 मध्ये. बाकी कोल्हापुरात गाण्यापेक्षा जेवणात वेळ जातो, आणि त्यात वावगं काही नाही.

गुरुवार, आंबोलीमार्गे फोंडा

आजरा, आंबोली, सावंतवाडी करत गोव्यात उतरायचं. कोल्हापूर स्टँडवर ‘फोंडा’ अशी पाटी दिसली म्हणून बसमध्ये चढू नये. तो फोंडाघाट, सिंधुदुर्गातला.

कोल्हापुरातल्या अल्लादिया खाँची गायकी सर्वांत लखलखीत उमटली ती गोव्याच्या दोन बायकांच्या गळ्यातून. केसरबाई केरकर फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर सांग्यातल्या कुर्डीच्या. केरी फोंड्याहून जवळ आहे, मंगेशीही वाटेवर. कुर्डी मात्र साळावली धरणाच्या पाण्याखाली असतं आणि मे महिन्यात पाणी ओसरल्यावरच दिसतं. बाकीच्या महिन्यांत तिकडे जाऊन नुसतं पाणी बघावं लागतं.

केसरबाईंची ‘जात कहां हो’ ही भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर या अंतराळयानावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत गेली. 5 सप्टेंबरला व्हॉयेजर 1 उडालं, 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ती तबकडी 16⅔ फेऱ्यांची आहे. सोबत कार्ट्रिज आणि सुईही दिलेली आहे, आणि आवरणावर वेग कोरलेला आहे, तो मिनिट-सेकंदात न देता हायड्रोजनच्या अणूतल्या बदलाला लागणाऱ्या काळात. चोरबाजारातल्या विक्रेत्यांपैकी एवढी काळजी कुणी घेत नाही.

शुक्रवार आणि शनिवार, घुमट

घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर चामडं, धाकट्या तोंडावर तळहात. तो उघडझाप केला की आवाज गडद-फिका होतो. गणेशचवथीच्या आरत्यांत शामेळ (छोटे नगारे) आणि कासाळ्यांबरोबर (झांजांबरोबर) वाजतं, आणि ख्रिस्ती घरांत मांडोलाही तेच लागतं. 2019 मध्ये गोव्याने त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. पूर्वी चामडं घोरपडीचं असे. घोरपड वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, म्हणून ‘जुनं, अस्सल’ म्हणून कुणी पुढे केलं तरी घ्यायचं नाही. बकऱ्याच्या चामड्याचं घ्यावं. टिचकी मारून मडकं ऐकावं: खणखणलं तर ठीक, ‘ठप्प’ वाजलं तर कुठेतरी तडा आहे. दमट हवेत बकऱ्याचं चामडं सैल पडतं, तेव्हा वाजवण्याआधी उन्हात किंवा निखाऱ्यापासून हातभर लांब धरून तापवतात. जवळ धरलं तर काठाशी फाटतं.

रविवार, मडगाव

सासष्टीचा (मडगाव ज्या तालुक्यात आहे त्याचा) मांडो संथ, दोन आवाजांत गायचा, व्हायोलिन आणि घुमटाच्या साथीने. मांडो संपला की लगेच चालीला चढलेला दुलपद. ध्वनिमुद्रण निवडताना दुसरा आवाज कान देऊन शोधावा. तो खालून समांतर चालत असतो आणि स्वस्त ध्वनिमुद्रणांत नेमका तोच गाडला जातो.

मडगावजवळच माजोर्डा. तिथले अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या सिनेसंगीतात व्हायोलिनवादक आणि अरेंजर (वाद्यमेळ लिहून देणारे) होते, प्यारेलाल त्यांचे शिष्य. शंकर-जयकिशनचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा हेही गोव्याचेच. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि नोटेशन लहानपणीच शिकवत, आणि मुंबईच्या स्टुडिओला कागदावरून वाजवणारी माणसं हवी होती. हिंदी गाण्यातला तो अंगावर येणारा व्हायोलिनचा ताफा इथून गेला. एकदा मांडोचे दोन आवाज कानात बसले की पन्नासच्या दशकातल्या गाण्यांच्या अंतऱ्यामागे वाजणारी दुसरी ओळ आपोआप वेगळी ऐकू यायला लागते.

संध्याकाळी रवींद्र भवनात तियात्र, म्हणजे गाण्यांचं कोकणी नाटक, असेल तर सोडू नये. रविवारी शक्यता जास्त. पहिलं तियात्र 1892 मध्ये मुंबईत झालं. प्रवेशांच्या मध्ये पडद्यापुढे येऊन गायली जाणारी कांतारां कथेशी संबंध नसलेली असतात: राजकारण, महागाई, सासू-सून. शब्द टोचला की लोक टाळ्या थांबवत नाहीत आणि गायकाला परत यावं लागतं. ट्रम्पेटवाल्याच्या जवळची खुर्ची टाळावी, शब्द ऐकू येत नाहीत.

परत कोकण रेल्वेने. तंबोरा घेतला असेल आणि पाऊस लागला असेल तर तो बरोबर न आणता मिरजेलाच ठेवून नंतर मागवावा. पावसाळ्यात या मार्गाचं वेळापत्रकही वेगळं असतं, ते आधी पाहून घ्यावं. घरी आल्यावर कॅसेटी संगणकावर उतरवताना 24 बिट, 48 किलोहर्ट्‌झ, डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी फाइल). सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही. खरखर काढायची ती प्रतीवरच, मूळ फाइल जशीच्या तशी ठेवायची. फाइलच्या नावात गाणं, आवाज, तबकडीचा किंवा कॅसेटचा क्रमांक आणि वाजवलेला वेग लिहायचा, आणि शेवटी ते घरात कुणाचं गाणं होतं तेही.